वीणा खाली ठेवायची नाही

मी पिशोरचा. कन्नड तालुक्यातलं हे आमचं गाव. शिक्षण बी.ए. आणि छंद कवितेचा. अशा माणसानं संगणकावर बोलावं, याचं तुम्हाला नवल वाटेल. पण दोन शब्द असे आहेत, की जे कानावर पडल्याशिवाय खेड्यातल्या माणसाचं एकही सरकारी काम पुरं होत नाही. ते शब्द म्हणजे ‘सर्व्हर डाऊन’.

मागे एकदा मी एका खिडकीसमोर रांगेत उभा होतो. माझ्यापुढे वस्तीवरची एक बाई होती. नातीच्या शिष्यवृत्तीसाठी तिला उत्पन्नाचा दाखला हवा होता आणि अर्जाची मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती. खिडकीतला मुलगा म्हणाला, “मावशी, सर्व्हर डाऊन आहे. उद्या या.” बाई जागची हलली नाही. तिनं विचारलं, “डाऊन झालं म्हणतोस, तर त्याला उभं कोण करतं, बाबा?”

मुलगा गप्प. रांगही गप्प. प्रश्न मात्र माझ्यासोबत घरी आला. माझा भाचा पुण्यात संगणकाच्या कामात आहे. रात्री त्याला फोन लावला आणि हाच प्रश्न विचारला. तो हसला नाही. म्हणाला, “मामू, आमचा सगळा धंदा या एका प्रश्नावर चालतो.”

त्यानं जे समजावलं, ते माझ्या भाषेत सांगतो. सर्व्हर म्हणजे अनेकांची कामं एकाच वेळी करणारा संगणक. त्याच्या आत एक कारभारी असतो, त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. विंडोज, लिनक्स ही त्या कारभाऱ्यांची नावं. चांगला कारभारी प्रत्येक कामाला वेगळी खोली देतो. एका खोलीत आग लागली तरी शेजारची खोली जळत नाही. शिवाय तो हिशेबाला पक्का असतो. आमच्या वडिलांचं कापडाचं लहानसं दुकान होतं. व्यवहार झाला की आधी रोजकीर्द, मग खतावणी, हा त्यांचा नेम. मध्येच दिवे गेले, तरी रोजकीर्द पाहून खतावणी पुरी करता येई. संगणकातही असंच असतं. करायच्या बदलाची नोंद आधी एका वहीत होते, तिला ‘जर्नल’ म्हणतात. जर्नल म्हणजे रोजकीर्दच! वीज गेली आणि आली, की यंत्र ती वही वाचतं, अर्धवट राहिलेली नोंद पुरी करतं किंवा खोडून टाकतं.

मग यंत्र बंद का पडतं? १९ जुलै २०२४ चा दिवस आठवा. क्राउडस्ट्राइक या कंपनीनं आपल्या सुरक्षा प्रणालीत एक लहानसा बदल पाठवला. तो सदोष होता. ही प्रणाली विंडोजच्या अगदी गाभ्यात काम करते. गाभ्याला वेगळी खोली नसते, तिथे आग लागली की सगळा वाडा जळतो. जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून थांबले. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. कंपनीनं चूक ७८ मिनिटांत मागे घेतली. पण बंद पडलेल्या यंत्रांपैकी असंख्य यंत्रांपुढे माणसाला स्वतः बसून ती उभी करावी लागली. त्यात काही दिवस गेले. शितावरून भाताची परीक्षा, हे आपल्या आयाबायांना ठाऊक आहे. तोच बदल आधी थोड्या यंत्रांवर करून पाहिला असता, तर एवढा अनर्थ झाला नसता. पुढे कंपनीनंही टप्प्याटप्प्यानं बदल पाठवायचं ठरवलं.

भाच्यानं आणखी एक हिशेब सांगितला. सेवा वर्षातून ९९.९ टक्के वेळ चालू राहील, असा करार असतो. ऐकायला केवढं छान! पण उरलेला हिस्सा म्हणजे वर्षाकाठी पावणेनऊ तास. ९९.९९ टक्के म्हटलं तर सुमारे ५३ मिनिटं. ९९.९९९ म्हटलं तर पाच मिनिटांच्या आसपास. एकेक नऊ वाढवायला फार पैसा लागतो. मला वाटलं, पावणेनऊ तास काही फार नाहीत. पण ते नेमके मुदतीच्या शेवटच्या दिवशी आले तर? कागदावर ९९.९ टक्के यशच राहील. त्या बाईच्या नातीपुरतं मात्र ते शंभर टक्के अपयश असेल.

मग त्याला उभं कोण करतं? उत्तर शोधताना मला गावातला सप्ताह आठवला. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस, सात रात्री वीणा खाली ठेवायची नसते. एकच माणूस सात दिवस उभा राहू शकत नाही. म्हणून पहारे लावलेले असतात. पहिल्याचा पहारा संपायच्या आत दुसरा येऊन उभा राहतो आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. माणूस झोपतो, वीणा झोपत नाही. आमच्या मशिदीतही अशीच एक सोय आहे. नमाज चालू असताना इमामाचा वजू तुटला, तर तो मागे सरतो आणि पहिल्या रांगेतला एकजण पुढे होतो. म्हणून इमामाच्या मागे जाणकार माणूस असावा, असं वडीलधारे सांगत.

सर्व्हरचं गुपित हेच आहे. दोन यंत्रं शेजारी ठेवतात. एक दुसऱ्याला सतत ‘मी आहे, मी आहे’ असा इशारा देत राहतं. इशारा थांबला, की दुसरं काम हाती घेतं, इमामाच्या मागच्या माणसासारखं. दुरुस्ती ठरलेली असेल, तर एकाला विश्रांती देऊन काम दुसऱ्याकडे सोपवतात, वीणेसारखं. न थकणारं यंत्र कुणी बनवलेलं नाही. विश्वास असतो तो पहाऱ्याच्या यादीवर. मात्र दुसरा माणूस खरोखर जागा आहे का, हे अधूनमधून पाहावं लागतं. यादीत नाव आहे आणि माणूस घरी झोपलाय, अशी यादी काय कामाची?

आणि सगळे पहारे चुकले, तरी खिडकीत एक साधी वही असावी. “मावशी, तुम्ही आज वेळेत आला होता,” एवढी नोंद, तारीख आणि सही. मुदत संपली तरी त्या नोंदीच्या आधारे अर्ज घेतला जावा. यासाठी नवं यंत्र लागत नाही. रोजकीर्द लागते.

त्या बाईला दाखला तिसऱ्या दिवशी मिळाला. मुदत वाढली, म्हणून निभावलं. दोन दिवसांची मजुरी मात्र बुडाली, ती कुणी भरून दिली नाही.

तेव्हा श्रोतेहो, यापुढे कुणी ‘सर्व्हर डाऊन’ म्हणालं, तर रागावू नका. खिडकीतल्या मुलाचा त्यात दोष नसतो. पण निमूट परतूही नका. त्या बाईसारखं एवढंच विचारा, आता पहारा कुणाचा आहे?