कोकमाचा अर्क आणि परीक्षानळीची साक्ष

उन्हाळा सरत आला म्हणजे कुडाळ, मालवण, वेंगुर्ले या बाजूस घरोघरीं रातांबे फोडण्याची घाई उडते. फळाच्या सालीला त्याच्याच रसाचीं आणि मिठाचीं पुटें देऊन ती उन्हांत वाळविली कीं आमसूल तयार होतें. बियांचें तेल टाचेच्या भेगांना उपयोगी पडतें; आणि अंगावर पित्त उठलें तर आमसुलाचें पाणी लावावें, हें तेथील लहान मुलासही ठाऊक असतें. अशा या फळाचा अर्क आतां गोळ्यांच्या रूपानें शहरांत येतो, आणि ‘ऑक्सिडीकरणविरोधी’ हा शब्द बाटलीवर वाचून तो निर्धास्तपणें घेतला जातो. या शब्दाचें खरें मोल किती, हें पाहणें अगत्याचें आहे.

शरीर प्राणवायूच्या साह्यानें अन्न जाळीत असतां कांहीं अतिचंचल रेणु उत्पन्न होतात. त्यांना मुक्त मूलक म्हणतात. त्यांच्याजवळील एक इलेक्ट्रॉन एकाकी असल्यामुळें ते शेजारच्या रेणूंवर झडप घालतात. त्यांना शांत करणारें द्रव्य तें ऑक्सिडीकरणविरोधी. कोकमाच्या सालींतील गार्सिनॉल आणि तांबडें रंगद्रव्य हीं या जातीचीं आहेत.

ही शक्ति मोजण्याची एक रूढ रीत साधी आहे. डीपीपीएच नांवाच्या मुक्त मूलकाच्या जांभळ्या द्रावणांत अर्क मिसळला कीं जांभळा रंग ओसरून पिवळसर होतो. 517 नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरी किती शोषल्या गेल्या हें यंत्रानें मोजून, मूलकांचें प्रमाण निम्म्यावर आणण्यास किती अर्क लागला तें ठरवितात, आणि हीच कसोटी क जीवनसत्त्वास लावून तुलना करितात. मात्र कोकमाचें तांबडें रंगद्रव्यही त्याच सुमाराचा प्रकाश शोषतें. म्हणून डीपीपीएच न घातलेला तेवढाच अर्क निराळा मोजून तो आंकडा वजा करावा लागतो. नाहीं तर अर्क आहे त्याहून दुबळा भासेल.

परंतु परीक्षानळीला ना जठर असतें, ना यकृत. फिनलंडमध्यें 29,133 धूम्रपानी पुरुषांवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष 1994 सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांना रोज 20 मिलिग्राम बीटा-कॅरोटीन हें ऑक्सिडीकरणविरोधी द्रव्य दिलें होतें, त्यांच्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचें प्रमाण घटण्याऐवजीं 18 टक्क्यांनीं अधिक आढळलें. रंग ओसरणें निराळें आणि रोग ओसरणें निराळें!

सुरक्षिततेचा प्रश्न तर कोकमाच्या घरापर्यंतच येऊन पोहोंचतो. कोकमाच्या आंबटपणास कारण असलेलें हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल त्याच्याच गोत्रांतल्या मलबारी कुडमपुळींतही असतें. त्या फळांतील मुख्य आम्ल हेंच, असें 1965 सालीं लुईस व नीलकंठन् या शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें. केरळांत माशांच्या कालवणांत हें फळ पिढ्यान्‌पिढ्या पडत आलें आहे. पुढें त्याचा अर्क वजन घटविण्याच्या गोळ्यांत शिरला, आणि तो घेणाऱ्यांपैकीं कित्येकांच्या यकृतास गंभीर इजा झाल्याचीं वृत्तें येऊं लागलीं. अखेर 2025 सालीं फ्रान्सच्या अन्नसुरक्षा संस्थेनें अशा गोळ्या घेऊं नयेत असा सल्ला दिला. फळ तेंच, बदललें तें प्रमाण आणि स्वरूप.

म्हणूनच अर्काची परीक्षा पायरीपायरीनें करावी लागते. प्रथम वनस्पतीची ओळख पक्की करावयाची. मग त्यांत शिसें, बुरशीचें विष वा अर्क काढण्यास वापरलेला द्रावक उरला आहे काय, तें पाहावयाचें. पुढें पेशींवर आणि उंदरांवर परीक्षा. एकदांच मोठी मात्रा देऊन, आणि 28 किंवा 90 दिवस रोज देऊन, यकृत व मूत्रपिंड तपासावयाचें. मनुष्याची पाळी सर्वांच्या शेवटीं.

पानांतील सोलकढीला पिढ्यांचा अनुभव पाठीशीं आहे. तिच्याविषयीं भय बाळगण्याचें कारण नाहीं. तोच दाखला गोळीला मात्र आपोआप लागू होत नाहीं. ती विकणाऱ्यास दोन प्रश्न अवश्य विचारावेत: रोजच्या मात्रेंत अर्क किती आहे, आणि तेवढी मात्रा माणसांना किती दिवस देऊन पाहिली आहे? उत्तर न मिळाल्यास बाटली दुकानांतच राहूं द्यावी.