नजरेआड झालेले विमान



प्रवासी विमान आणि छोटे विमान एकाच आकाशात असताना समोरचे विमान दिसेनासे झाले, तर वैमानिक ते लगेच का सांगत नाही? आज मला एवढ्या एकाच प्रश्नावर बोलायचे आहे.

२५ सप्टेंबर १९७८, सॅन डिएगो. सकाळचे नऊ वाजलेले, लख्ख ऊन, दहा मैलांपर्यंत नजर पोचेल अशी हवा. पीएसए कंपनीचे उड्डाण १८२, एक बोइंग ७२७, लिंडबर्ग विमानतळावर उतरण्यासाठी खाली येत होते. त्याच्या पुढे आणि खालच्या अंगाला एक सेस्ना १७२ होते. आत इन्स्ट्रुमेंट उड्डाणाचा सराव करणारा वैमानिक आणि त्याचा प्रशिक्षक. दोन्ही विमाने पूर्वेकडे निघालेली. नियंत्रकाने बोइंगला सेस्नाची खबर दिली. बोइंगच्या वैमानिकांना ते दिसले, त्यांनी तसे सांगितले, आणि नजरेने अंतर राखण्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली. पुढे टॉवरने पुन्हा आठवण केली, तेव्हा सेस्ना त्यांना दिसत नव्हते. मघाशी होते, आता उजवीकडून गेले असावे, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. टॉवरला वाटले, सेस्ना मागे पडले. कॉकपिटमध्ये मात्र ते एकमेकांना विचारत होते, आपण त्या सेस्नापासून मोकळे झालो ना?

सुमारे २,६०० फुटांवर बोइंग वरून त्या सेस्नावर उतरले. १४४ माणसे गेली. त्यांतली सात नॉर्थ पार्क वस्तीत जमिनीवर होती.

या अपघाताचा अहवाल मी विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा वाचायला लावतो, कारण त्यात चूक एकाच्या पदरात टाकता येत नाही. सेस्ना दिलेली दिशा सोडून थोडे उजवीकडे वळले होते आणि त्याने ते कळवले नव्हते. रडार कक्षात धडकेचा इशारा १९ सेकंद आधी वाजला होता. पण बोइंगला सेस्ना दिसते आहे, असे धरून कुणी हालचाल केली नाही. चौकशी मंडळाने मुख्य कारण म्हणून बोट ठेवले ते वैमानिकांवर. सेस्ना नजरेआड झाल्याचे त्यांनी स्पष्ट कळवले नाही म्हणून. मंडळाच्या एका सदस्याने मात्र वेगळे मत नोंदवले. नियंत्रणाच्या पद्धतीही तेवढ्याच जबाबदार आहेत, असे त्याचे म्हणणे होते. मला ते पटते. हाताशी रडार असताना दोन विमानांमधले अंतर माणसाच्या डोळ्यांवर सोपवायचे आणि मग डोळे चुकले म्हणून डोळ्यांना दोष द्यायचा, हा न्याय अर्धाच आहे.

डोळे चुकतात, आणि त्यात डोळ्यांचा आळस नसतो. हिशेब करून पाहा. दहा हजार फुटांखाली २५० नॉटने येणारे प्रवासी विमान आणि समोरून १०० नॉटने येणारे सेस्ना, ही दोन्ही सेकंदाला १८० मीटरने एकमेकांकडे सरकतात. अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाच्या मार्गदर्शिकेनुसार समोरची वस्तू दिसल्यापासून विमान प्रत्यक्ष वळेपर्यंत साडेबारा सेकंद जातात. त्यातले पाच सेकंद ‘हे आपल्यावरच येते आहे’ हे उमगण्यात आणि चार काय करायचे ते ठरवण्यात जातात. म्हणजे सव्वादोन किलोमीटर अंतर असतानाच ते दिसायला हवे. तिथून सेस्नाचे पंख पुऱ्या पसाऱ्यासकट पौर्णिमेच्या चंद्राच्या जेमतेम निम्म्या रुंदीएवढे दिसतात, तेही एक बारीक आडवी रेघ. शिवाय सरळ रेषेत धडकेकडे येणारे विमान काचेवर एकाच जागी थांबल्यासारखे दिसते. डोळा हालचाल टिपतो, आणि इथे हालचालच नसते. सॅन डिएगोत तर खाली रंगीबेरंगी घरांचा पसारा होता आणि सेस्ना काचेच्या अगदी खालच्या कडेला होते. ‘पाहा आणि टाळा’ या तत्त्वाच्या मर्यादांवर ऑस्ट्रेलियाच्या अपघात तपास यंत्रणेने १९९१ साली एक अख्खा अहवाल लिहिला. आपल्या प्रत्येक प्रशिक्षण संस्थेच्या कपाटात तो असायला हवा.

दुसरी घटना ३१ ऑगस्ट १९८६ ची, लॉस एंजेलिसजवळच्या सेरिटोसची. एरोमेक्सिकोचे डीसी-९ उतरत होते. टॉरन्सहून निघालेले एक छोटे पायपर विमान परवानगीशिवाय नियंत्रित क्षेत्रात शिरले. त्याच्याकडे रडारला उत्तर देणारा ट्रान्सपॉन्डर होता, पण उंची कळवणारा मोड सी नव्हता. नियंत्रक त्याच वेळी असेच आत घुसलेल्या दुसऱ्या एका छोट्या विमानाशी बोलण्यात गुंतला होता. दोन्ही विमाने धडकली. ८२ माणसे मेली, त्यांतली १५ जमिनीवरची. त्यानंतर अमेरिकेत कायदा झाला, प्रवासी विमानांत टीकॅस हे धडक टाळणारे यंत्र आले, आणि मोठ्या विमानतळांभोवती तीस सागरी मैलांत मोड सी सक्तीचा झाला. आपल्याकडे टीकॅस सक्तीचे व्हायला १९९६ ची चरखी दादरीची हवेतली धडक घडावी लागली. तिथे ३४९ माणसे गेली.

टीकॅसचे काम ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांना त्याची थोरवी सांगायला नको. पण ते यंत्र समोरच्या विमानाच्या ट्रान्सपॉन्डरशी बोलते. ट्रान्सपॉन्डर बंद असेल, तर त्याच्या लेखी समोर कुणी नाही. उंची कळत नसेल, तर ते जवळ काहीतरी आहे एवढेच सांगेल, ‘वर जा’ की ‘खाली जा’ हे सांगू शकणार नाही. म्हणून आपल्या दोन सीटच्या विमानात बसलेला एकोणीस वर्षांचा मुलगा ज्या बटणावर हात ठेवतो, त्यावर मागून येणाऱ्या दीडशे-दोनशे प्रवाशांचे संरक्षण अवलंबून असते. त्याला हे कुणी सांगितलेले असते का? चेकलिस्टमध्ये ते एका ओळीत उरकते.

आणि जमिनीजवळ तर टीकॅसचा आदेश मिळतच नाही, तो मुद्दाम रोखलेला असतो. २९ जानेवारी २०२५ च्या रात्री वॉशिंग्टनमध्ये पोटोमॅक नदीवर एक प्रवासी विमान आणि लष्कराचे ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर जेमतेम तीनशे फुटांवर धडकले, ६७ जण गेले. हेलिकॉप्टरने विमान दिसत असल्याचे सांगून नजरेने अंतर राखण्याची परवानगी मागितली होती. सॅन डिएगोनंतर ४६ वर्षांनी पुन्हा तेच.

आता आपल्या घरचे पाहू. जुहूची धावपट्टी आणि मुंबईचा मोठा विमानतळ शेजारी शेजारी आहेत, जुहूहून हेलिकॉप्टर समुद्रातल्या तेलफलाटांकडे जातात. गोंदियाच्या बिरसीत प्रशिक्षण विमानांच्या सर्किटमध्ये आता प्रवासी विमानेही येतात. लहान शहरे हवाई नकाशावर येत आहेत याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्या धावपट्ट्यांवर आजवर विद्यार्थीच एकटे फिरत होते, आणि त्यांच्या सवयी त्या एकांतात घडल्या आहेत.

एक सवय मला फार सलते. समोरचे विमान हरवले, तरी विद्यार्थी ते रेडिओवर सांगत नाही. आपल्याला दिसत नाही हे सांगणे त्याला कमीपणाचे वाटते, आणि तो कमीपणा त्याला आपणच शिकवलेला असतो. शोधून सापडेपर्यंत गप्प राहा, पुन्हा दिसले की बोलू, असे त्याला वाटते. बोइंगचे तिघेही अनुभवी होते, त्यांच्याही तोंडून ते थेट निघाले नाही. म्हणून मला हा सराव हवा आहे: पहिल्या एकट्या उड्डाणाआधी प्रशिक्षकाने मुद्दाम दुसरे विमान दाखवावे, वळणात ते नजरेआड जाऊ द्यावे, आणि विद्यार्थी त्याच क्षणी ‘निगेटिव्ह कॉन्टॅक्ट’, म्हणजे ‘दिसत नाही’, असे म्हणतो की नाही ते पाहावे. तसे म्हटले नाही, तर त्या दिवशी एकटे उड्डाण नाही. नियंत्रकांनाही माझी विनंती आहे. ‘दिसते आहे’ हे उत्तर मिळाले, तरी पडद्यावरून नजर काढू नका, आणि उत्तर अडखळले तर पुन्हा विचारा.

दुपारच्या सत्रात या सरावाचा मसुदा आपल्याला तयार करायचा आहे. पहिले लेखन नियंत्रकांनी करावे, अशी माझी सूचना आहे. अडखळलेले उत्तर कसे ऐकू येते, हे त्यांनाच ठाऊक आहे.