मुलाचे वय आणि आईची मजुरी

(सावली, जि. चंद्रपूर येथे पालक व शेतमजूर स्त्रियांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



दिव्यांग मूल वाढवीत असता आईला जमेल असे काम कोठून आणावे, हा प्रश्न आपल्याकडे घरगुती अडचण म्हणून मांडला जातो. शेजारी हळहळतात, नातेवाईक नशिबाला दोष देतात आणि विषय संपतो. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी आहे. माझ्या मते हा श्रमाचा व मजुरीचा प्रश्न आहे आणि त्याच अंगाने तो सोडवावा लागेल.

सावली तालुका धानाचा. रोवणीच्या दिवसांत स्त्रियांच्या टोळ्या हुंड्याने काम घेतात आणि कमाई सर्वांच्या बरोबरीच्या कष्टावर वाटली जाते. जिला दुपारी घरी येऊन बारा वर्षांच्या मुलाला भरवावे लागते, तिला अशा टोळीत जागा मिळणे कठीण. सिकलसेल झालेल्या मुलाची आई तर उद्या कामावर येईन असे आजही सांगू शकत नाही. वेदनांचा झटका दिवस ठरवून येत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत या आजाराचा समावेश झाला. त्यामुळे प्रमाणपत्राची वाट मोकळी झाली, परंतु बुडालेल्या रोजाचे काय, हे कोणी विचारले नाही.

वेळ सांभाळून करता येईल असे काम येथे मुळीच नाही, असेही नव्हे. मोहफुले पहाटे वेचून अंगणात वाळवता येतात. तेंदूची पाने सकाळी तोडून दुपारी घरी पुडे बांधता येतात. तेवढा वेळ मूल डोळ्यांसमोर राहते. पण हा हंगाम थोड्या दिवसांचा आणि निम्मे काम जंगलातले. मे २०२५ मध्ये शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. अशा जंगलात मुलाला सोबत कसे न्यावे, आणि घरी एकटे तरी कसे ठेवावे?

आता कायद्याकडे वळू. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करून देशाला वाट दाखवली. २००५ च्या केंद्रीय कायद्याने कामाच्या जागी मुलांसाठी सावलीची सोय सांगितली. सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील तर ती सांभाळण्यासाठी कामावरील एका स्त्रीला नेमून तिला मजुरी द्यावी, असेही ठरवले. मूल सांभाळणे हे मजुरीचे काम आहे, हे तत्त्व त्यात मान्य झाले. त्याला कुंपण मात्र सहा वर्षांचे. जो बारा वर्षांचा मुलगा स्वतः उठून पाणी पिऊ शकत नाही, तो या हिशेबात मोठा ठरला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा संमत केला. हमी १०० दिवसांवरून १२५ दिवसांवर गेली, पण पेरणी-कापणीच्या ऐन हंगामात एकूण ६० दिवस ही कामे बंद ठेवण्याची तरतूद आली. त्या काळात शेतीत काम असते, असा त्यामागचा तर्क. जिला टोळीतच जागा नाही, तिने त्या ६० दिवसांत काय करावे?

नोकरदार स्त्रीची बाजू निदान न्यायालयापर्यंत पोहोचली. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिमाचल प्रदेशातील एका प्राध्यापिकेच्या प्रकरणात, दिव्यांग मुलाच्या आईला बालसंगोपन रजा नाकारणे हे स्त्रियांच्या नोकरीतील समान सहभागाच्या घटनात्मक कर्तव्याशी विसंगत आहे, असे सांगितले. निर्णय स्वागतार्हच आहे. परंतु जिला रजाच नाही, तिच्या पदरात त्यातून काय पडणार?

कोणी म्हणेल, घरबसल्या काम द्या. जरूर द्यावे, पण दर पाहून. आईची अडचण ही मालकाची सोय होऊ नये. १९३५ साली चरखा संघाने सूत कातणाऱ्यांना जीवनवेतन देण्याचे तत्त्व स्वीकारले. या सावलीत तेव्हा खादीचे केंद्र होते आणि १९३६ साली गांधी सेवा संघाच्या अधिवेशनासाठी गांधीजी येथे आले होते. घरात केलेल्या कामालाही पोट भरेल एवढे मोल हवे, हा विचार या गावाला परका नाही.

पैसा कोठून येणार, असे विचारले जाईल. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात, ते करणारे पुरुष ८८. म्हणजे खर्च आजही होतोच आहे. तो सरकारी अंदाजपत्रकात न दिसता एका बाईच्या आयुष्यातून वजा होतो. बापाने त्यातला वाटा उचलावा, हे सांगायला तर कोणत्याही कायद्याची गरज नाही.

म्हणून तीन मागण्या. दिव्यांग मुलांसाठी कामावरील संगोपनाची वयोमर्यादा काढावी. गावाजवळच्या कामांत अर्ध्या दिवसाची हजेरी मान्य करून केलेल्या कामाचे पूर्ण दाम द्यावेत. आणि २०१६ च्या कायद्यात, अधिक आधाराची गरज असलेल्यांसाठी जो काळजीवाहक भत्ता सांगितला आहे, तो प्रत्यक्ष घरात पोहोचावा.

यांपैकी पहिला ठराव मांडायला मुंबईला जावे लागत नाही. येत्या ग्रामसभेत तो मांडा, हात वर करून संमत करून घ्या आणि त्याची नक्कल तहसील कार्यालयात देऊन पोच घ्या.