मुलांच्या हाती चित्रांचं पुस्तक द्या
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी विद्वान नाही. गिरणीत पाळी करणारा कामगार आहे. माझं शिक्षण शाळेत कमी अन् रात्रीच्या जागरणात जास्त झालं. माझ्या लहानपणी शाळेत चित्रांची पुस्तकं होती, पण कपाटाला कुलूप होतं. ‘पोरं फाडतील’ म्हणत. मी शाळा सोडली तरी ते कुलूप उघडलं नाही. त्या कुलपाचा राग अजून मनात आहे, म्हणून आज बोलतो.

रविवारी वंदना झाल्यावर आपण विहारात लहान मुलांना बसवतो. एक चित्रकथा, एक हातकाम आणि एक खाऊ, तिन्ही एकाच विषयाचे.

म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट घ्या. आधी चित्रं दाखवायची, मुलांनाच सांगू द्यायचं. मग नदीकाठच्या मातीचा भोपळा करायचा. पुस्तकात भोपळा, आपल्या घरी कोहळं. म्हणून खाऊ कोहळ्याच्या बोंडांचा. शिजलेलं कोहळं गार झालं की गूळ-कणीक पोरं कालवतात, तळणं मात्र आयांकडे. डोळ्यांनी पाहिलं, हातांनी घडवलं, जिभेनं चाखलं. तो शब्द मूल विसरत नाही.

एरिक कार्ल नावाच्या चित्रकारानं १९६९ साली एका खादाड सुरवंटाचं पुस्तक काढलं. पानांना खरीच भोकं आहेत. हा सुरवंट शुक्रवारी पाच संत्री खातो. आता संत्र्याचं आपल्या नागपूरला काय कौतुक! आम्ही पुठ्ठ्याची पानं कापली, भोकं पाडली अन् गिरणीतल्या टाकाऊ सुताचा सुरवंट त्यांतून ओवला. शेवटी संत्र्याच्या फोडी, बिया काढून. खेळता खेळता मोजणी झाली, वार पाठ झाले, अन् दोरा ओवणारी बोटं उद्या पेन्सिलही नीट धरतील.

हे काही आमच्या डोक्यातून निघालेलं नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी काढली. पुढे अनुताई वाघांच्या साथीनं कोसबाडला आदिवासी मुलांसाठी शिंपले, खडे, बिया, पानं हेच शिक्षणाचं साहित्य केलं. टाकाऊ वस्तूंतून खेळणी करायला शिकवणारे अरविंद गुप्ता यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. म्हणजे गरिबी आडवी येत नाही, आपला आळस येतो.

आता माझी चूक सांगतो. पहिल्या रविवारी आम्ही खाऊ आधी वाटला. तेलकट हातांनी एका मुलीकडून पान फाटलं. मी सर्वांदेखत तिच्यावर ओरडलो. पुढचे दोन रविवार ती आली नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं, त्या कपाटाला कुलूप लावणारा अन् मी, फरक काय राहिला? तिच्या घरी गेलो, माफी मागितली. तिची आई म्हणाली, “भाऊ, पोरगी म्हणून राहिली होती, पुस्तक आपल्यासाठी नसते.” हे वाक्य काळजात घुसलं. मुलगी परत आली, मैद्याची खळ करून तिनंच पान चिकटवलं. आता नियम केला आहे: खाऊ शेवटी, पुस्तकाआधी हात धुवायचे, अन् पान फाटलं तर रागवायचं नाही, बसून चिकटवायचं.

माता-भगिनींनो, आपल्याला वाचता येत नाही म्हणून लाजू नका. चित्र वाचायला अक्षर लागत नाही. मुलाला मांडीवर घ्या अन् विचारा, “हा काय करून राहिला?” मूल बोलेल, तुम्ही ऐका. नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं स्वस्त आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर २०१५ पासून मोबाईलवरही मराठी चित्रकथा फुकट पाहता येतात.

विनंती एवढीच, की वाढदिवसाला फुग्यांवर खर्च करता, त्यातलं एक पुस्तक विहाराला द्या. त्यांच्यासाठी आपण कपाट करू, पण त्याला कुलूप राहणार नाही.