पकडलेल्या माणसाचे हक्क



आपल्याकडे एक म्हण आहे. राजाने मारले आणि पावसाने झोडपले, तर दाद कोणाकडे मागायची? भोरला १९४८ पर्यंत संस्थान होते. तेव्हा म्हण खरी वाटायची. इंग्रजी मुलखातही तीच गत. १८९७ साली पुण्यात रँडसाहेबावर गोळी झाडली गेली. मग सरकारने पुण्याच्या नातूबंधूंना पकडले. खटला भरला नाही. १८२७ सालच्या एका जुन्या कायद्यावर त्यांना १८९९ पर्यंत अडकवून ठेवले.

आता दाद मागायला जागा आहे. २६ जानेवारी १९५० पासून आपली राज्यघटना लागू झाली. तिचे २२ वे कलम आम्ही सोपे करून सांगतो.

पोलिसांनी अटक केली, तर कारण सांगावेच लागते. पकडलेल्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता येतो. २४ तासांच्या आत त्याला जवळच्या मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे लागते. वाटेचा वेळ यात धरत नाहीत. पण वेल्ह्याहून भोरला यायला काही दोन दिवस लागत नाहीत!

दुसरा प्रकार स्थानबद्धतेचा. माणसाने गुन्हा केला म्हणून नव्हे, तर पुढे करील म्हणून त्याला धरतात. इथे २४ तासांचा नियम लागत नाही. महाराष्ट्रात १९८१ च्या कायद्याने असे वर्षभरापर्यंत ठेवता येते. तरी त्याचे तीन हक्क राहतात. कारणे लवकरात लवकर कळली पाहिजेत. सरकारकडे लेखी म्हणणे मांडता आले पाहिजे. तीन महिन्यांपेक्षा जास्त ठेवायचे, तर सल्लागार मंडळाने तसे पुरेसे कारण आहे असे सांगितले पाहिजे.

नागपूरच्या एका माणसाला अशी कारणे इंग्रजीत दिली. त्याला इंग्रजी येत नव्हते. त्याने हिंदीत मागितली. ती दिली नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६२ साली न्यायालय म्हणाले, माणसाला समजेल त्या भाषेत आणि लिपीत कारणे दिली पाहिजेत. तो माणूस सुटला. कागद वाचता येत नाही, असे सांगायला त्याला लाज वाटली नाही, म्हणून सुटला.

मग घरच्यांनी काय करावे? रडत बसू नये. कोणत्या ठाण्यात, कोणत्या दिवशी, किती वाजता नेले ते वहीत लिहावे. अटकेची खबर नातेवाइकाला किंवा मित्राला देणे पोलिसांवर बंधनकारक आहे. ती लेखी मागावी. कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जावे, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा. माणसाला बेकायदा डांबले असेल, तर मुंबईच्या उच्च न्यायालयात अर्ज करता येतो. तो अर्ज बाप, बायको, मित्र, कोणीही करू शकतो.

हे हक्क चोरालाही आहेत आणि सावालाही. चोर कोण, हे कोर्टाने ठरवायचे असते.

तुम्ही आता अक्षर ओळखता. न वाचता कोणत्याही कागदावर सही करू नका, अंगठाही देऊ नका. हा धडा आज रात्री घरी मोठ्याने वाचून दाखवा.