गटाचं पान गावाच्या ग्रुपवर

  आज मोबाईलवरच्या बोलण्याबद्दल बोलायचंय. सुरुवात माझ्याच चुकीपासून करते, कारण ती लपवून तुम्हाला चार गोष्टी सांगायला माझी जीभ रेटणार नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्याकडच्या एका गटाचा व्हॉट्सॲप ग्रुप मी हौसेनं काढला होता. बैठकीची वेळ कळवायची, बँकेचा निरोप द्यायचा, एवढंच त्याचं काम. एका महिन्यात हप्ते मागे पडले. दुसऱ्या दिवशी बँकेत जायचं होतं, घाई होती. मी गटाच्या कर्जाच्या वहीतल्या पानाचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘आपापली बाकी बघून घ्या.’ अकरा जणींची नावं, कोणी किती कर्ज घेतलं, कशासाठी घेतलं, किती थकलं, सगळं त्या पानावर होतं.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. बैठकीत आपण हे वाचूनच दाखवतो ना? पण बैठक होते देवळाच्या ओसरीवर, बाया-बायांत. तिथं बोललेलं वहीत राहतं आणि वही पेटीत राहते. पेटीला कुलूप असतं, किल्ली दुसरीकडे असते. मोबाईल मात्र कोणाच्या हातात असतो? त्या अकरा नंबरांतले निम्मे नंबर नवऱ्याचे नाहीतर पोराचे होते. तासाभरात ते पान गावाच्या ग्रुपवर गेलं. तिथं दोनशेवर माणसं, सरपंचांपासून पुण्याला कंपनीत कामाला गेलेल्या पोरांपर्यंत. कोणी पाठवलं ते आजवर कळलं नाही. मी शोधलंही नाही. पहिला फोटो माझाच होता.

त्या पानावर एकीच्या नावापुढे आठ हजार होते आणि दोन हप्ते थकलेले होते. तिचं नाव मी घेणार नाही. मुलीला नर्सिंगला घालायचं म्हणून तिनं ते कर्ज काढलं होतं. घरात सांगितलं होतं की भावानं दिले. मुलीला पुढं शिकवायला सासरा तयार नव्हता, म्हणून. दिरानं ते पान गावाच्या ग्रुपवर वाचलं. खाली कोणी हसरी चित्रं टाकली होती, कोणी लिहिलं होतं, ‘गटाचा पैसा बुडवणारी’. लिहिणारा माणूस तिच्या समोर उभा राहून हे बोलला असता का? नसता बोलला. पारावर बोलायचं तर आधी माणूस इकडंतिकडं बघतो, कोण ऐकतंय याचा अंदाज घेतो. मोबाईलवर समोरचं तोंड दिसतच नाही.

मला फोन आला तेव्हा मी घाईनं आमच्या ग्रुपवरचा फोटो सगळ्यांसाठी डिलीट केला. माझ्या ग्रुपवरून तो गेला, पण पुढं पाठवलेला फोटो त्यानं जात नाही हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. बीए झालेय मी, पण हे कोणी शिकवलं नव्हतं.

ती तीन महिने बैठकीला आली नाही. मी घरी गेले. तिनं चहा केला. म्हणाली, ‘ताई, तुमचं काय चुकलं? कर्ज मीच घेतलं होतं.’ ती भांडली असती तर बरं झालं असतं.

एका पानानं एका घराचं असं झालं. अशाच पुढं पाठवण्यानं माणसं जिवानिशी गेली आहेत, आणि त्यातली बहुतेक आपल्याच सोलापूर जिल्ह्यातली, मंगळवेढ्याकडची होती. 1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा गाव आहे. त्या दिवशी तिथं बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला गेले होते. मुलं पळवणारी टोळी आलीय, अशा अफवा त्या दिवसांत मोबाईलवरून फिरत होत्या. लोकांना हे पाच जण तेच वाटले. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना मारलं, पाचही जण मेले. त्या अफवा पुढं पाठवणाऱ्यांत कोणी आईही असेल. ‘आपल्या लेकरांना जपा’ म्हणून तिनं भल्यासाठीच पाठवलं असेल.

त्यानंतर त्याच जुलैत व्हॉट्सॲपनं आपल्या देशात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. जो निरोप खूप हातांतून आलाय त्यावर दोन बाणांची खूण येते आणि 2020 पासून तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. ती खूण दिसली की ओळखा, हे पाठवणाऱ्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत एक मावशी म्हणाल्या, ‘सरकारनं हे बंदच करून टाकावं.’ मला ते पटत नाही. 2012 साली पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या एका मजकुरासाठी अटक झाली होती. एकीनं मुंबई बंदबद्दल लिहिलं होतं, दुसरीनं त्याला लाईक दिलं होतं, एवढंच. ज्या कलमाखाली अशा अटका व्हायच्या ते 66 अ कलम सर्वोच्च न्यायालयानं 2015 मध्ये रद्द केलं. बोलण्यावर सरसकट कुलूप लावलं तर ते आधी तुमच्याआमच्या तोंडाला लागेल. रेशनचं धान्य कमी आलं हे आपण त्याच ग्रुपवर लिहितो, ते मला हवंच आहे. दुसरीच्या घरातलं मात्र तिला विचारल्याशिवाय लिहायचं नाही. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की खासगीपणा हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क आहे. सुनेचाही आहे, बरं का.

ग्रुप चालवणाऱ्या बाया मला विचारतात, कोणी काही वाईट टाकलं तर आम्ही अडकू का? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं 2021 मध्ये म्हटलंय की दुसऱ्यानं टाकलेल्या मजकुरासाठी, त्यात ॲडमिनचा सामील हेतू नसेल तर, ॲडमिनला गुन्हेगार धरता येत नाही. म्हणून गप्प बसा असं मी म्हणत नाही. तुम्ही ॲडमिन असाल तर तो मजकूर सगळ्यांसाठी काढता येतो, टाकणाऱ्यालाही काढता येतं. ते लगेच करा.

आणखी एक. ग्रुपमध्ये गेलात की तुमचा नंबर तिथल्या सगळ्यांना दिसतो. शेजारच्या गावातल्या एका ताईला कुठल्याशा मोठ्या ग्रुपमध्ये कोणीतरी घातलं, आणि रात्री साडेअकराला अनोळखी फोन सुरू झाले. नवऱ्यानं विचारलं तिलाच, ‘याला तुझा नंबर कोणी दिला?’ शेवटी तिनं सिम काढून टाकलं, आणि बँकेचे निरोपही बंद झाले. हे टाळता येतं. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी आहे, तिथं ग्रुप्स दाबा आणि माय कॉन्टॅक्ट्स निवडा. मग ज्याचा नंबर तुमच्याकडं नाही तो तुम्हाला परस्पर ग्रुपमध्ये घालू शकत नाही. तिथंच प्रोफाइल फोटो कोणी बघायचा तेही ठरवता येतं. जमलं नाही तर बैठकीत मोबाईल घेऊन या, मी करून देते. आधार कार्डाचा, पासबुकाचा फोटो ग्रुपवर टाकू नका. मला हवा असेल तर मी समोर बसून बघेन.

कोणाचा नको तसा फोटो फिरत असेल तर पुसायची घाई करू नका. तो निरोप आणि पाठवणाऱ्याचा नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट आधी ठेवा. फोटो स्वतःचा असो नाहीतर दुसरीचा, कोणालाही पुढं पाठवू नका, ‘बघ काय चाललंय’ म्हणूनही नाही. बाईच्या खासगी अंगाचा फोटो तिच्या मर्जीविरुद्ध काढणं किंवा पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 66 ई कलमाखाली गुन्हा आहे. त्याला 3 वर्षांपर्यंत कैद, 2 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तक्रार पोलिसांत देता येते, आणि केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर अशी तक्रार नाव न देताही करता येते. मोबाईलवरून पैसे गेले तर 1930, जिवाला धोका असेल तर 112, आणि नुसतं बोलायचं असलं तरी महिलांसाठी 181.

आमच्या गटात आता वहीचा फोटो काढत नाही. बाकी विचारायची असेल तर मी ज्या त्या बाईला बैठक सुटल्यावर बाजूला घेऊन विचारते. वेळ जास्त जातो. गेल्या महिन्यात तर माझी शेवटची एसटी चुकली.

ती ताई चौथ्या महिन्यात बैठकीला आली. कोणी काही विचारलं नाही, अध्यक्षांनी तिच्यासाठी सतरंजीवर जागा केली. कर्ज तिनं फेडलं. घरी जे व्हायचं ते होऊन गेलं, पण मुलीचं शिक्षण थांबलं नाही, ती दुसऱ्या वर्षाला आहे. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये मात्र ती परत आली नाही. बैठकीचा निरोप तिला मी अजून फोन करूनच देते.