मुहूर्त न सांगणारे शास्त्र



हिमनदी मागे हटली की तिनेच आणून टाकलेल्या दगडमातीच्या बांधाआड तळे साचते. हवा तापत चालली तशी हिमालयातील ही तळी वाढत आहेत. सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक हे त्यांपैकीच एक. ते धोक्याचे आहे, हे शास्त्रज्ञांनी आधीच सांगितले होते. २०१६ साली नळ टाकून त्यातले थोडे पाणी काढण्यातही आले. तरी २०२३ च्या ऑक्टोबरात ते फुटले आणि चुंगथांग येथील १२०० मेगावॅट वीजकेंद्राचे धरण वाहून गेले.

ज्योतिषाला मुहूर्त विचारावा, तसा शास्त्राला संकटाचा दिवस विचारून भागत नाही. शास्त्र धोक्याची जागा दाखविते. घटका सांगत नाही. नेपाळमध्ये त्सो रोल्पा तळ्याच्या बाबतीत दिवसाची वाट पाहिली नाही. चर खणून २००० सालीच त्याची पातळी ३ मीटरने उतरविली. धोका टळला नाही, पण उणावला.

धोका शास्त्राने मोजावा. त्यातला किती पत्करायचा, हे राज्यकर्त्यांनी खोऱ्यातल्या माणसांना विचारून ठरवावे, असे आम्हांस वाटते. मात्र थांबून राहणे हाही एक निर्णयच होय, आणि त्याची किंमत खालच्या गावांना मोजावी लागते, हे आपण विसरू नये.